जोडात गेलेली वस्ती

१९ नोव्हेंबर

चिकट्या,

आशीर्वाद. आधी रागावून घेते, मग खुशाली विचारते.

तूच लिहिलं होतंस की तुमच्या डोळ्यांच्या दवाखान्याची गाडी सतरा तारखेला आमच्या भागात येणार. दरवर्षी येते तशी आमच्या वस्तीवरही येईल, म्हणून मी शाळेला अर्धी सुट्टी दिली. दोन बाकं रस्त्याच्या कडेला मांडली. अकरा माणसं सकाळी आठपासून येऊन बसली होती. दुपारी कुणी म्हणालं, चढावर इंजिन तापलं असेल. कुणी म्हणालं, डॉक्टर जेवत असतील. साडेपाचला दूधवाला खालून वर आला, तो म्हणाला, "गाडी तर दुपारीच फाट्यावरून सरळ पुढे गेली. ड्रायव्हर मजेत गाणं गुणगुणत होता." बाकं परत शाळेत नेताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

माझं सोड, मला चष्म्याचा नंबर तेवढा बघायचा होता. पण आमची टेलरबाई! शाळेसमोरच्या खोलीत तिचं मशीन आहे, पोरांचे गणवेश तीच शिवते. एकटी बाई. गेले पंधरा दिवस तिचा उजवा डोळा ठणकतोय आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणते. ती बसनं खाली शहरात जायला निघालीही होती. मीच तिला अडवलं. म्हटलं, "अगं, जाऊन-येऊन दोन दिवस मोडतील. माझ्या भाच्याची गाडी दारात येतेय, थांब की." ती थांबली. आता तोंड वर करून तिच्याकडे बघवत नाही.

तुमच्या मोठ्या मॅडमना मी रीतसर अर्ज धाडलाय. त्या ड्रायव्हरला काय म्हणायचं ते त्यात म्हटलंय. तीस वर्षं निबंध तपासलेत, मला लिहिता येतं. तुझं नाव कुठे घेतलेलं नाही, काळजी करू नकोस.

इथे फोनला अजून रेंज नाही, तेव्हा पत्रच लिही. तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतोस ना?

मावशी

*

२ डिसेंबर

मावशी,

नमस्कार. मी बरा आहे, जेवतोही वेळेवर.

तुझ्या अर्जानं दवाखाना हलवून सोडला. मॅडमनी सगळ्यांना खोलीत बोलावून तो मोठ्यानं वाचून दाखवला. 'कामचुकार' आणि 'ज्याला लोकांच्या डोळ्यांची किंमत नाही असा माणूस' ही दोन ठिकाणं त्यांनी दोनदा वाचली.

आमचा जुना ड्रायव्हर निवृत्त झाला, त्याला सगळे रस्ते तोंडपाठ होते. हा नवा, तीनच महिने झालेले, तोही दुसऱ्या भागातला. म्हणून त्याला मी प्रत्येक फेरीच्या आधी नकाशाचे कागद आणि गावांची यादी काढून देतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ही वस्ती माझ्या कागदावर नव्हतीच." कागद दाखव म्हटलं तर म्हणे चहा सांडला, टाकून दिले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, नकाशा मी स्वतः लावलाय, राज्यातलं एकूण एक गाव त्यात आहे. त्यावर त्यानं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि हात बांधून उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याला काढलं.

वाईट वाटतं, पण अकरा माणसांना दिवसभर बसवून ठेवणं काही लहानसहान गोष्ट नाही.

टेलरबाईंना म्हणावं, आता गाडीची वाट पाहू नका, सरळ शहरात जा. आमची पुढची फेरी एप्रिलमध्ये.

तुझ्या शाळेसाठी एक वस्तू पाठवतोय. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, त्यात राज्याचा मोठा नकाशा आहे. माझ्या भिंतीवर आहे तोच. साध्या कागदावर छापायचा, चोवीस कागद होतात, बारीक वस्त्यांसकट सगळं दिसतं. तुझी शाळेची कापडी गुंडाळी फाटली म्हणत होतीस ना? हा फाटला तर परत छापायचा. पोरांनी त्यावर पेन्सिलीनं गिरवावं, रंगवावं, चुकलं तर दुसरा कागद घ्यावा. तुमच्यासारख्या रेंज नसलेल्या ठिकाणी तर फोनच्या नकाशापेक्षा हाच खरा. माझं अख्खं काम त्याच्यावर चालतं.

तुझा,
चिकट्या

*

२८ डिसेंबर

चिकट्या,

आधी गोड सांगते, कडू शेवटी.

तुझा नकाशा म्हणजे पोरांना घबाड सापडलं! चोवीस कागद छापायला शाळेच्या प्रिंटरमध्ये शाई कुठली, म्हणून आपल्या भागाचे सहाच छापले. एका पोरीनं दोऱ्यानं अंतर मोजून सांगितलं की तिचे वडील खाणीवर कामाला जातात ते पंचाहत्तर किलोमीटर होतात. तिला वाटायचं खाण डोंगराच्या मागेच आहे. दोरा हातात धरून बराच वेळ बसली होती. तीस वर्षं मी त्या गुंडाळीवर छडी टेकवून भूगोल शिकवला. कुणी कधी दोरा घेऊन पुढे आलं नाही. गुंडाळी भिंतीची होती रे. हा कागद त्यांचा आहे.

पण गंमत ऐक. तुझ्या नकाशानं आमची वस्ती गिळली! पोरांनी कागदांच्या पांढऱ्या कडा नीट कापून शेजारी-शेजारी चिकटवले आणि आपली वस्ती शोधायला लागली. नाहीच. खालचा फाटा आहे, पलीकडचं धरण आहे, मधले आम्ही गायब. मग एकीच्या लक्षात आलं की एका कागदावरून निघालेला रस्ता दुसऱ्या कागदावर भलतीकडेच उगवतो. ओढ्याचंही तसंच. म्हणाली, "बाई, मधली पट्टी छापलीच नाही." आमचा प्रिंटर म्हातारा झालाय, कडेपर्यंत पोचत नाही वाटतं. त्याला काय करायचं ते कळव.

आता दुसरं. टेलरबाई गणवेश पुरे करून परवा शहरात जाऊन आली. गणवेश कुणाचे, तर माझ्याच शाळेचे. उजवा डोळा गेला. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आला असतात तर डोळा वाचवता आला असता. डाव्याला धोका आहे, थेंब दिलेत. हे तिनं मला मशीनवर बसून, पाय चालवता चालवता सांगितलं. शिवण वाकडी जात होती. मी उठून घरी आले.

महिनाभर आधी म्हणजे कधी, ते मी बोटं मोजून काढलं. तू काढू नकोस.

मावशी

*

२० जानेवारी

मावशी,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, काम फार होतं.

प्रिंटरचं असं की कुठलाच प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही. छापताना कागद एकमेकांवर बोटभर चढतील अशी सोय निवडायची. सोबत चिठ्ठीवर पायऱ्या लिहिल्या आहेत. तसं केलं की वस्ती दिसेल.

टेलरबाईंबद्दल वाचून वाईट वाटलं. थेंब चुकवू नका म्हणावं.

बाकी ठीक.

चिकट्या

*

९ फेब्रुवारी

चिकट्या,

तुझ्या चिठ्ठीप्रमाणे केलं. कागद एकमेकांवर चढले आणि आम्ही सापडलो. वस्तीचं नाव दिसल्यावर पोरांनी असा गलका केला की पलीकडून टेलरबाई विचारायला आली, काय झालं म्हणून. तिला नाव दिसेना. पोरीनं तिचं बोट धरून त्यावर ठेवलं.

आता मास्तरीण म्हणून एक विचारते. तुझं पत्र तोकडं होतं. लहानपणी मी सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा तू काही फोडलंस की असाच बोलायचास, "बाकी ठीक." घरभर खळ घेऊन वर्तमानपत्रं चिकटवत फिरणारा पोरगा गप्प बसला की मला आधी फडताळ तपासावं लागायचं.

तू लिहिलं होतंस, शाळेला पाठवलेला नकाशा तुझ्या भिंतीवर आहे तोच. आणि आता लिहितोस, कुठलाच प्रिंटर कडेपर्यंत छापत नाही.

तुझ्या भिंतीवरचा कसा छापला होतास?

उत्तर खरं असेल तरच लिही. उशीर झाला तरी चालेल.

मावशी

*

१ मार्च

मावशी,

तसाच छापला होता. कडा कापून, शेजारी-शेजारी.

तुझं डिसेंबरचं पत्र मला नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. "मधली पट्टी छापलीच नाही" हे वाक्य मी उभ्यानंच वाचलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर खुर्चीवर चढून पट्टीनं मोजलं. दोन कागदांच्या मधून अर्ध्या बोटाएवढी पट्टी गेलेली आहे. जमिनीवर ते सहा किलोमीटर होतात. तुमची वस्ती आणि आणखी दोन, त्या पट्टीत होत्या. रस्ता जुळत नव्हता हे मला चिकटवतानाच दिसलं होतं. मला वाटलं, कात्री वाकडी गेली. मी निळ्या पेनानं दोन्ही टोकं जोडून टाकली. छान दिसत होतं. मॅडमनी कौतुक केलं होतं.

मी तुमच्या वस्तीवर कधी आलो नाही, नेहमी तूच खाली येतेस. म्हणून मला तुमचं नाव तोंडपाठ होतं आणि जागा ठाऊक नव्हती. यादी मी नावावरून नाही, भिंतीवर बोट फिरवत करतो. यादीची माझी प्रत ड्रॉवरमध्ये होती. मॅडमच्या खोलीत बोलावलं तेव्हा मी ती पाहिली नाही, कारण माझी खात्री होती. तुझं पत्र आल्यावरही पाहिली नाही, कारण तेव्हा खात्री झालेली होती.

मग मी काय केलं ते सांगतो. त्या शनिवारी लवकर जाऊन भिंतीवरचा नकाशा उतरवला, नवा नीट छापून लावला. तिन्ही वस्त्या एप्रिलच्या यादीत घातल्या. शिपाई म्हणाला, "नवा लावलात साहेब?" मी म्हणालो, जुन्याचा रंग उडाला होता. आणि खुर्चीत बसून काम सुरू केलं.

दोन महिने झाले. दर सोमवारी मी ठरवतो, आज मॅडमना सांगायचं. सोमवारी त्या घाईत असतात. मंगळवारी माझं धाडस होत नाही. पुढचे दिवस मी स्वतःला समजावतो, की त्याला आता दुसरीकडे काम मिळालं असेल, आता सांगून बाईंचा डोळा थोडाच परत येणार आहे. हे अगदी खरं वाटतं, गुरुवारपर्यंत.

तुला का सांगितलं नाही? तू टेलरबाईंना "माझ्या भाच्याची गाडी" म्हणालीस, म्हणून.

काय करू ते सांग.

चिकट्या

*

८ मार्च

चिकट्या,

काय करू म्हणून विचारतोस! पस्तिशीचा घोडा झालास, तुला ठाऊक आहे काय करायचं ते. मला विचारतोस ते यासाठी, की मी रागावले की निम्मं फिटलं असं तुला वाटेल. म्हणून रागावत नाही. तसाच बस.

पण आरसा माझ्याकडेही आहे. मी त्या ड्रायव्हरला कधी पाहिलं नाही. तो काळा की गोरा, घरी कोण आहे, मला काही ठाऊक नाही. दूधवाला म्हणाला गाणं गुणगुणत होता, तेवढ्यावरून मी एका माणसाला कामचुकार ठरवलं. चांगलं अक्षर काढून ठरवलं. एकदा खोडून 'बेजबाबदार' होतं तिथे 'कामचुकार' लिहिलं, जोरकस वाटतं म्हणून! वर्गात एका पोरानं दुसऱ्याचं नाव सांगितलं तर मी दोघांना उभं करून विचारते. इथे एकालाही विचारलं नाही. खरं म्हणजे टेलरबाईला मी थांबवलं होतं, ते मला टोचत होतं. ते टोचणं कुणाच्या तरी गळ्यात बांधायला मला माणूस हवा होता. तो मिळाला.

तेव्हा तुझी अर्ध्या बोटाची पट्टी, माझा दीड पानाचा अर्ज. दोन्ही त्याच माणसावर.

तुझ्या नकाशात वाईट काही नव्हतं रे. तो इतका कामाचा होता, की त्याच्यापुढे जित्या माणसाचं कुणी ऐकलं नाही. 'कागदावर नव्हतीच' असं तो बिचारा कागदाबद्दलच सांगत होता.

मॅडमना मी माझ्या अर्जाबद्दल पत्र लिहून ठेवलंय. दोन ओळी तुझ्याबद्दलही लिहाव्या लागतात, त्याशिवाय ते पुरं होत नाही. पंधरा दिवस थांबते. धाक घालत नाही. माझ्यात तेवढ्याच दिवसांचा धीर आहे. तू आधी सांगितलंस तर बरं, नाहीतर मी सांगेन, आणि मग ते तुझं राहणार नाही.

आणि मॅडमच्या आधी त्याच्याकडे जा.

टेलरबाईला मी सगळं सांगितलंय. तिनं ऐकून घेतलं आणि सुईत दोरा ओवायला लागली. चार वेळा चुकली. मी पुढे झाले तर म्हणाली, "राहू द्या बाई."

मावशी

*

२२ मार्च

मावशी,

गेलो होतो.

त्याचा पत्ता शिपायाकडे होता. घरी त्याची बायको म्हणाली, बस धुतात त्या आवारात असतो. गेलो. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून तो पाइपनं बसची चाकं धूत होता.

मी म्हणालो, "ओळखलंत?"

"नकाशावाले साहेब."

मी सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच, पेनानं जोडलेल्या रस्त्यासकट. त्यानं पाणी बंद केलं. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "ते कागद मी टाकायला नको होते. चहाचा डाग पडला होता, वाचता येत होतं. ठेवले असते तर तिथेच दाखवले असते." मावशी, तो स्वतःची चूक शोधत होता.

मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"जानेवारीच्या सुरुवातीला."

"आता मार्च."

"हो."

"जानेवारीत मी तीन ठिकाणी ड्रायव्हरकी मागायला गेलो," तो म्हणाला. "एक तर शाळेची बस होती. तिन्हीकडून तुमच्या दवाखान्यात फोन करून विचारलं, माणूस कसा आहे. तिन्हीकडून नकार आला."

त्यातला एक फोन मी उचलला होता, मावशी. हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. शाळेचाच होता. मुलांना ने-आण करायला विश्वासाचा माणूस आहे का, असं विचारत होते. मी म्हणालो, मला काही सांगता येणार नाही. तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, तरी. फोन ठेवून मी चहा प्यायला गेलो.

हेही त्याला सांगितलं. त्यानं मला मारलं असतं तर मी उभा राहिलो असतो. तो म्हणाला, "घरी बायकोलासुद्धा शंका होती. मला विचारायची, खरंच कागदावर नव्हतं ना हो? दर दोन-चार दिवसांनी विचारायची. शेवटी मलाच वाटायला लागलं की असेल, मीच वाचायला चुकलो असेन." एवढं बोलून त्यानं पुन्हा पाणी सुरू केलं, पुढची बस धुवायला घेतली. मी तिथे बराच वेळ उभा होतो. त्यानं जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही.

तिथून थेट मॅडमकडे. त्या घाईत होत्या. मी म्हणालो, आजच सांगायचंय. त्यांनी ऐकलं, लेखी मागितलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमच्याकडे पाहिलं. यादीकडे पाहायला हवं होतं." मला वाटलं होतं, त्या ओरडतील.

फेऱ्या आखण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. आता मी केसपेपरच्या खिडकीत बसतो. बरोबर आहे. यापुढे यादी जुन्या नोंदवहीशी ताडून पाहायची आणि ड्रायव्हरनं वाचून सही केल्याशिवाय गाडी निघायची नाही, असं ठरलंय.

त्याला परत बोलावलं. त्याची एक अट होती. ज्या खोलीत अर्ज वाचला, त्याच खोलीत, त्याच सगळ्या माणसांसमोर, माझा कबुलीजबाब वाचायचा. आणि मॅडमनी नाही, मी. मी वाचला. तो दाराशी उभा होता, शेजारी त्याची बायको. मधे एकदा मी पाण्यासाठी थांबलो. कुणी पाणी दिलं नाही. मी तसाच पुढे वाचत गेलो.

दोन एप्रिलला गाडी तुमच्याकडे येतेय. गाडी तोच चालवणार. मी रजा काढून सोबत येईन, त्याची हरकत नाही असं कळलंय. टेलरबाईंसमोर उभं राहायचंय. काय बोलायचं ते ठाऊक नाही.

चिकट्या

*

११ एप्रिल

चिकट्या,

गाडी निघताना तू खिडकीतून नुसता हात हलवलास. तुझा चेहरा पाहून मीही विचारलं नाही. तू टेलरबाईच्या खोलीत दोन तास होतास आणि मी शाळेच्या पायरीवर जीव मुठीत धरून बसले होते. काय झालं ते शेवटी तिच्याकडूनच कळलं, तेही काल.

आधी ड्रायव्हरचं सांगते. तू आत असताना मी त्याच्यापाशी गेले. म्हटलं, "तो अर्ज लिहिणारी बाई मी." तो म्हणाला, "ठाऊक आहे. मॅडमनी दाखवला होता. अक्षर छान आहे तुमचं." त्यात टोमणा नव्हता, हेच मला सोसेना. मी माफी मागितली. त्यानं गाडीची काच पुसून घेतली. मग म्हणाला, "बाई, मी कुठे चुकलो असेन तर कळवत जा. पण आधी मला विचारा." मी हो म्हटलं. आता त्याला शाळेकडून एक पत्र पाठवतेय, त्याच्या बायकोला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. गाडी का आली नव्हती आणि त्यात कुणाकुणाची चूक होती, एवढंच त्यात आहे.

तुमच्या डॉक्टरांनी टेलरबाईचा डावा डोळा तपासला. थेंबांमुळे त्यानं तग धरलाय. पुढच्या महिन्यात शहरात नेऊन त्याच्यावर किरणांचा उपचार करायचाय, मी सोबत जाणार आहे.

आता ती काय म्हणाली ते. तू म्हणालास, "माझ्यामुळे तुमचा डोळा गेला." आणि ती म्हणाली, "डोळा रोगानं गेला. तुमच्यामुळे उशीर झाला. जेवढं आहे तेवढं घ्या, जास्त घेऊ नका. जास्त घेतलं की माणूस रडत बसतो, कामाचा राहत नाही." मग म्हणाली म्हणे, "त्या ड्रायव्हरचं मात्र पुरतं तुमचं आहे."

मी विचारलं, "आणि माझा वाटा?" तर हसली. "बाई, तुम्ही थांब म्हणालात, मी थांबले. निघायचं तर पाय माझे होते." मला अगदी पुसून मोकळं केलं तिनं. तेव्हापासून जास्त जड वाटतंय. तू सुटला नाहीस हे तुझं नशीब समज.

मग तिनं सुयांचा डबा तुझ्यापुढे ठेवला, तेही सांगितलं. मशीनच्या सुया तिला बोटांनी जमतात, हातशिलाईच्या जमत नाहीत. तू दोन तास खाली मान घालून दोरे ओवत होतास. पांढरे, काळे, खाकी. पंचेचाळीस सुया. कापडाच्या पट्टीवर रंगानं लावून ठेवल्यास. पहिल्या दहा-बारा वेळा तुझा दोरा चुकला, असंही म्हणाली.

काल मी गेले तेव्हा पट्टीवर सहा उरल्या होत्या. वर्गातल्या पोरी रोज ओवून देतील, म्हटलं. नको म्हणाली. मी ओवते म्हटलं, तेही नको. "ज्याचं काम त्याला करू दे."

ती बोलावणार नाही, मी सांगतेय. बस मंगळवारी असते आणि शुक्रवारी.

मावशी